करारावरची सही आणि देशाचा कायदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



परदेशाशी व्यापारी करार झाला की आपल्याकडे दोन प्रकारची भाषणे होतात. एक वक्ता म्हणतो, सही झाली, देश विकला गेला. दुसरा म्हणतो, सही झाली, आता बोलून काय उपयोग? दोघेही सहीपाशीच थांबतात. जनतेच्या हिताचा खरा झगडा मात्र त्यानंतर, कायद्याच्या कलमांत आणि नियमांत होत असतो.

आपल्या राज्यघटनेप्रमाणे करार करणे हे सरकारचे काम आहे. त्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. परंतु करारासाठी प्रचलित कायदा बदलावयाचा असेल, तर सरकारला संसदेपुढे यावेच लागते. कलम 253 ने संसदेला दिलेला हा अधिकार इतका व्यापक आहे की, शेतीसारख्या राज्यांच्या विषयावरही ती असा कायदा करू शकते.

औषधांचे उदाहरण घेऊ. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या प्रक्रियेवर पेटंट मिळे, खुद्द औषधावर नव्हे. आपला स्वस्त औषधांचा उद्योग या तरतुदीवर वाढला. एप्रिल 1994 मध्ये माराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली आणि 31 डिसेंबर 1994 रोजी सरकारने वटहुकूम काढला. पुढे त्याचे विधेयक राज्यसभेत अडले आणि 1996 मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले. सरकारने प्रशासकीय सूचनांवर काम भागविले. अमेरिकेने तक्रार केली. डिसेंबर 1997 मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने निर्णय दिला की, अशा सूचनांना पुरेसा कायदेशीर आधार नाही. अखेर 1999 मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. विधेयक अडवले, पण कराराचे बंधन सुटले नाही.

2005 च्या दुरुस्तीच्या वेळी निराळे घडले. औषधावर पेटंट देणे आता अटळ होते. पण अंमलबजावणीची रीत ठरविण्याची मुभा करारानेच प्रत्येक देशाला दिली होती. डाव्या पक्षांनी व जनआरोग्य चळवळींनी त्या मुभेचा आग्रह धरला. त्यातून कलम 3(डी) ला आजचे रूप आले : जुन्याच औषधाचे नवे रूप आणले आणि त्याची गुणकारिता लक्षणीय वाढली नाही, तर पेटंट नाही. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी कर्करोगावरील एका औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला.

2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होता. नॅटको कंपनीला ते 8,880 रुपयांत विकण्याची परवानगी मिळाली. औषध किती रुग्णांपर्यंत पोहोचले, याची जी माहिती बायरने कार्यालयाला नियमानुसार दिली होती, तीच येथे पुरावा ठरली.

आता पुढचे पाहा. 10 मार्च 2024 रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिख्टेनस्टाइन यांच्याशी व्यापार करार झाला. पाचच दिवसांनी पेटंटचे नियम बदलले आणि दरवर्षी द्यावयाची तीच माहिती तीन वर्षांतून एकदा देण्याची सवलत पेटंटधारकांना मिळाली. कायद्याच्या मूळ कलमाला हात लागला नाही. त्यामुळे विधेयक आले नाही आणि चर्चेचा प्रसंगही आला नाही. असे नियम सभागृहापुढे ठेवले जातात खरे. पण ते वाचतो कोण?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. सहीपूर्वी कराराचा मसुदा संसदीय समितीपुढे यावा. राज्यांच्या विषयाला स्पर्श होत असेल, तर राज्यांचे मत घेतले जावे. करारानंतर बदलणाऱ्या प्रत्येक नियमावर सभागृहात चर्चा व्हावी. आणि आपल्या खासदारांनी असे नियम सभागृहापुढे येताच वाचावेत, त्यांची माहिती तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांना द्यावी. महागडे औषध रुग्णाच्या दारी येते ते राजपत्राच्या बारीक अक्षरांतून. ती अक्षरे वाचणे हेही चळवळीचेच काम आहे.