सैनिकी शिक्षण, विवाह आणि धर्माचरण

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी नांवाचें गांव लागतें. काळ्या जमिनीचा हा मुलूख. कापूस, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन यांवर येथील संसार चालतात. अशा गांवांतील बारावीपर्यंत पदार्थविज्ञान व गणित शिकलेला मुलगा सैन्याच्या तांत्रिक विभागांत निवडला गेला, म्हणजे घरीं पेढे वांटले जातात. आणि पेढे संपण्यापूर्वींच वडीलधाऱ्यांपुढें दोन प्रश्न उभे राहतात. त्याच्या लग्नाचें काय? आणि त्याच्या एकादशीचें काय?

दुसरा प्रश्न दिसतो तितका बिकट नाहीं. पुण्यानजीक खडकीस ‘बॉम्बे सॅपर्स’ या अभियंता दलाचें शिक्षणकेंद्र आहे. या दलाची परंपरा १८२० पासूनची. पूल बांधणें, सुरुंग पेरणें आणि शत्रूनें पेरलेले सुरुंग काढणें, हें त्याचें काम. सुरुंग चांचपणाऱ्या हाताला भुकेची ग्लानि चालत नाहीं. तेव्हां निर्जळी उपवासाला तेथें फारसा वाव नाहीं, हें उघड आहे. परंतु धर्म सोड, असें सैन्य कोणास सांगत नाहीं. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे धर्मशिक्षक सैन्यांत रीतसर नेमले जातात, आणि अनेक छावण्यांत एकाच छपराखालीं सर्व धर्मांचें प्रार्थनास्थळ असतें. वेळापत्रक मात्र सैन्याचें. आषाढीला बाप पंढरीच्या वाटेवर असेल आणि मुलगा कवायतीच्या मैदानावर. विठ्ठलाचें नांव दोघांच्याहि ओठीं असावयास कोणाची हरकत नाहीं.

बाह्य चिन्हांचा प्रश्न आला कीं शिस्त कडक होते. हवाई दलांतील एका मुसलमान सैनिकानें दाढी राखण्याची परवानगी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयानें १५ डिसेंबर २०१६ रोजीं त्याचें म्हणणें अमान्य केलें. ज्यांच्या धर्मानें केस कापणेंच निषिद्ध मानलें आहे, त्यांना त्या दलाच्या नियमांत सवलत आहे. या प्रकरणीं तसा निषेध सिद्ध झाला नाहीं, असें न्यायालयाचें मत पडलें. निर्णय कोणास रुचो वा न रुचो, भरती होणाऱ्यानें तो आधीं जाणून घ्यावा हें बरें.

खरी कसोटी आहे ती लग्नाची. १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणें भरती होणारा तरुण अविवाहित असला पाहिजे, आणि सेवेच्या चार वर्षांत त्यानें विवाह करावयाचा नाहीं. शिक्षणाचा काळ याच चार वर्षांत धरलेला. रजा वर्षाकांठीं तीस दिवसांची. मुदत संपल्यावर फार तर शेंकडा पंचवीस जणांना कायम करावयाचें, असें मूळ योजनेंत ठरलें. उरलेल्यांनीं सुमारें पावणेबारा लाखांचा सेवानिधि घेऊन परतावयाचें. आतां मुलीच्या बापानें काय समजावें? जांवई सैनिक मिळणार कीं चोवीस-पंचवीस वर्षांचा नवा उमेदवार, हें साखरपुड्याच्या दिवशीं कोणीहि सांगूं शकत नाहीं. मग एखादा मामा हळूच सुचवितो, “देवळांत माळ घालून टाकूं, बोभाटा मागाहून करूं.” या सल्ल्याइतका घातक सल्ला दुसरा नाहीं. लपविलेलें लग्न उघडकीस आलें तर मुलाची नोकरी धोक्यांत येते, आणि मुलीला आपण विवाहित आहों असें चारचौघांत म्हणण्याचीहि चोरी होते. मामा मात्र अक्षता टाकून मोकळा!

लग्न लांबलें म्हणून संसार बिघडतो, असें मानण्याचें कारण नाहीं. याच बॉम्बे सॅपर्सचे कारवारकडील रामा राघोबा राणे १९४० सालीं सैन्यांत शिरले. एप्रिल १९४८ मध्यें नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून त्यांनीं रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळविलें. त्यांचा विवाह १९५५ चा.

याउलट, संसार झाल्यावर शिक्षणाला उभें राहण्याचा प्रसंग स्वाती महाडिक यांच्यावर आला. पति कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं कुपवाड्यांत धारातीर्थीं पडले. दोन मुलांची ही आई चेन्नईच्या अधिकारी शिक्षणसंस्थेंत आपल्याहून पुष्कळ लहान मुलींबरोबर धांवली, आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजीं आयुध विभागांत अधिकारी झाली. त्या अकरा महिन्यांत मुलांना आईवांचून राहावें लागलें. कवायतीचें कौतुक करतांना याचा विसर पडूं नये.

झरीसारख्या गांवीं सोयरीक जुळली कीं याद्या होतात; देणेंघेणें, मानपान, सर्व कांहीं कागदावर येतें. अग्निवीराच्या यादींत आणखी दोन ओळी घालाव्या. लग्नाचा मुहूर्त चार वर्षें पुरीं झाल्यावरचा धरावा, आणि मुलगा कायम झाला तर काय व परत आला तर काय, हें दोन्ही लिहावें. मग ती यादी मुलीलाहि वाचून दाखवावी, आणि तिचा होकार तिच्याच तोंडून ऐकावा.