मोबाईलवरचा ठिबक संच : निरोपाचा उशीर आणि खरा बिघाड



मोबाईलवरून मोटार आणि ठिबकचे व्हॉल्व्ह चालविणारे स्वयंचलित संच आता अनेक शेतांवर आहेत. ते वापरताना एक अडचण आपणांस येते. आपण 'चालू'चा आदेश देतो आणि उत्तर येत नाही. मग संच बिघडला असे समजावे, की निरोप वाटेत अडकला असे समजावे? हा फरक ओळखता आला नाही तर घाईने पुन्हा पुन्हा बटण दाबले जाते. अडकलेला आदेश उशिरा पोचतो, बंद केलेली मोटार परत सुरू होते आणि विहिरीत पाणी नसल्यास कोरडी चालून जळते.

यासाठी पहिली गोष्ट, आपल्या शेतावरचा नेहमीचा उशीर मोजा. आठ दिवस सकाळी, दुपारी व रात्री आदेश दिल्याची आणि उत्तर आल्याची वेळ वहीत लिहा. समजा, उत्तर 20 ते 40 सेकंदांत येते. मग एक मिनिट थांबावे व त्यानंतरच बिघाडाचा संशय घ्यावा. मर्यादा फार कमी ठेवली तर नसते हेलपाटे पडतात. फार जास्त ठेवली तर खरा बिघाड उशिरा कळतो.

दुसरी गोष्ट, निरोप हाती आला ती वेळ न पाहता शेतावर नोंद झाली ती वेळ पहा. दहा मिनिटांपूर्वीचा दाब आताचा समजू नये.

तिसरी गोष्ट, निरोप पाणीमीटरशी पडताळून पहा. ताशी 4 लिटरच्या 1000 तोट्या असतील तर नळ्या भरल्यानंतर 15 मिनिटांत सुमारे 1000 लिटर पाणी जायला हवे. बरेच कमी गेले तर गाळणी किंवा तोट्या चोंदल्या असतील, अथवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला नसेल. बरेच जास्त गेले तर पाईप फुटल्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट, मोटारीचे संरक्षण मोबाईलच्या भरवशावर ठेवू नका. पाणी संपताच मोटार बंद करणारे उपकरण स्टार्टरपाशीच बसवून घ्या. ठरावीक वेळेनंतर मोटार आपोआप बंद होईल अशी सोयही तेथेच करा. म्हणजे रेंज गेली तरी मोटार वाचेल.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. मोबाईलवर 'मोटार बंद' दिसले म्हणून वायरीला हात लावू नका. अडकलेला आदेश केव्हाही पोचू शकतो. आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा आणि मगच दुरुस्तीला लागा. मोटार पुन्हा भरून घेता येते, गेलेला जीव परत येत नाही.