चॉसरचे यात्रेकरू आणि आपली वारी

बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या आमच्या पिढीची चॉसरशी ओळख झाली ती परीक्षेपुरतीच. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधली माणसं मला खरी भेटली ती पुढे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरात आली, की रस्त्याच्या कडेला उभं राहून चेहरे न्याहाळताना.

काळ चौदाव्या शतकाच्या अखेरचा. लंडनलगतच्या साउथवर्कमध्ये, टॅबर्ड नावाच्या सराईत तीसेक यात्रेकरू जमलेत. निघालेत कँटरबरीला. ११७० साली तिथल्या चर्चमध्येच मारल्या गेलेल्या थॉमस बेकेटच्या समाधीला. आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर मजारीला. त्यांत नाकावरच्या चामखिळीवर लाल केसांचा झुपका मिरवणारा गिरणीवाला आहे. पाच नवरे केलेली, कानानं थोडी बहिरी अशी बाथकडची बाई आहे. सापळ्यात अडकलेला उंदीर दिसला तरी रडणारी, जोगिणींच्या मठाची प्रमुख आहे. हीच बाई पुढे जी गोष्ट सांगते, ती ज्यूंच्या द्वेषानं भरलेली! चॉसर तिला बोल लावत नाही. उंदरासाठीचे अश्रू दाखवतो, गोष्ट ऐकवतो आणि बाजूला होतो. ज्यूंना तर १२९० मध्येच इंग्लंडमधून घालवून दिलेलं. त्या मेळ्यात तिला उत्तर द्यायला त्यांच्यापैकी कुणी नव्हतंच. साऱ्या चित्रांत हे चित्र मला फार अस्वस्थ करतं.

एक गोष्ट मात्र लोभावते. सरदारापासून नांगऱ्यापर्यंत सगळे एकाच सराईत जेवतात. सराईचा मालक पैज लावतो : ज्याची गोष्ट सरस, त्याला परतल्यावर बाकीच्यांनी जेवू घालायचं. पण पुस्तक अपुरं राहिलं, आणि ते जेवण काही झालं नाही.

आपल्याकडे वारकऱ्यांची अशी जवळून चित्रं काढली ती दि. बा. मोकाशींनी १९६४ च्या 'पालखी'त. त्याच्याही आधी इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात. इरावतीबाई चॉसरसारख्या गप्प राहत नाहीत. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे. चालणं एक, भजन एक, जेवण मात्र वेगळं. हे त्यांना रोज सलत होतं. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या, तेव्हा कुठे त्या बायका हात धरून आपल्या घरसंसाराचं सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असंही बोलणं निघालं. तिथंही ताई अशाच वागतील का, हे एका तरुण मुलीनं तेवढ्यात विचारून टाकलं. तो प्रश्न इरावतीबाईंना फार लागला. तो त्यांनी लपवला नाही, लेखात तसाच लिहून ठेवला.