झाड तोडण्याआधी तपासा



गेटजवळचा गुलमोहर ‘पडेल, तोडून टाका’ असं काहीजण म्हणतात. झाडं तपासणं हा माझा व्यवसाय, म्हणून सांगतो. धोका दोन गोष्टींवर ठरतो: झाड मोडण्याची शक्यता किती, आणि मोडलं तर खाली कोण?

बुंध्याशी उगवलेली अळंबी, ठोकल्यावर पोकळ आवाज, मुळांपाशी भेगाळलेली माती ही लक्षणं पाहा. वर्षानुवर्षं कललेलं झाड घट्ट असू शकतं. अचानक कललं तर सावध व्हा.

तोडायला १९७५च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. तेव्हा पावसाळ्याआधी रीतसर तपासणी होऊ दे. मुलांचा स्कूलबसचा थांबा मात्र त्या झाडाखालून उद्याच हलवा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही!