दोर कुणाच्या हातात?



मी वाशिम जिल्ह्यातली. मुलामुलींच्या साहस शिबिरांत शिकाऊ प्रशिक्षक आहे. आमच्याकडे सह्याद्रीचे कडे नाहीत. माळरान आहे, कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे. भटकंती, तंबू, झाडावर दोरानं चढणं, एवढं तिथल्या मुलांना नवंच.

पहिल्या शिबिरात माझ्याकडे स्वयंपाक आणि मुलींच्या तंबूची राखण आली. "बाईला दोर पेलणार नाही," म्हणाले. खरं तर दोर कडीतून फिरतो, वजन बरंचसं घर्षणावर पडतं. लागतं ते लक्ष. मी हट्टानं दोर मागून घेतला. दुपारी एक मुलगी वरून घसरली. दोर ताणला, ती अधांतरी थांबली. खाली येऊन म्हणाली, "ताई, आता मी धरू?"

१९८४ साली बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या. १९९३ मध्ये भारत-नेपाळ महिला मोहिमेच्या त्या नेत्या होत्या. तरी गावात आई विचारते, "पोरगी रात्री बाहेर राहील, काही झालं तर?"

प्रश्न रास्त आहे. पण पोरीला घरी ठेवणं हे त्याचं उत्तर नव्हे. संडास, पाळीची सोय, तपासलेला दोर, बाई प्रशिक्षक, हे आयोजकांकडे मागा. आणि पोरीला पाठवा. चढायला, तसंच दोर धरायलाही.