अंकुराची शिदोरी
(ज्युबिली-सोहळ्यांत केलेलें भाषण)



आज आपणांपुढें चार शब्द बोलण्यासाठीं आम्हीं भाताच्या बियाण्याचा विषय निवडला आहे. घरांत कितीहि ओढ असली, तरी बियाण्याच्या कणगीला हात लावूं नये, असा आपल्या वाडवडिलांचा दंडक होता. त्यामागील मर्म काय, तें आपण पाहूं.

कोरडा दाणा निर्जीव भासतो. तथापि तो मृत नसून निद्रिस्त असतो. तूस सोलून पाहिलें, तर एका टोंकाशीं इवलासा गर्भ दिसतो. उरलेला बहुतेक दाणा पिठाचाच. गर्भ हें मूल, आणि पीठ ही मातेनें बांधून दिलेली शिदोरी होय. वालाच्या बियांत ती दोन डाळिंब्यांत सांठविलेली असते, नारळांत खोबऱ्याच्या रूपानें.

परंतु कोरडें पीठ त्या मुलाला कसें पचावें? दाणा भिजला म्हणजे गर्भ जागा होतो आणि पिठाभोंवतालच्या पातळ थराला एका द्रव्याच्या द्वारें निरोप धाडतो. त्या द्रव्यास जिबरेलिन म्हणतात. त्याचा शोध भातावरूनच लागला. १९२६ सालीं कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं भाताचीं रोपें रोगानें भलतींच उंच वाढतात, तीं एका बुरशीच्या द्रव्यामुळें. १९३५ सालीं याबुता यांनीं त्यास हें नांव दिलें. निरोप पोंचतांच तो थर पाचक रस सोडतो, पिठाची साखर होते, आणि ती गर्भ शोषून घेतो. भाताचा घांस पुष्कळ वेळ चावला म्हणजे गोड लागतो, तो आपल्या लाळेंतील अशाच रसामुळें. मोड आणलेल्या नाचणीचें सत्त्व आपल्या माताभगिनी तान्ह्या बाळास देतात, तेंहि याच कारणानें पचण्यास हलकें असतें.

बियाणें एक दिवस भिजवून, निथळून, गोणपाटाखालीं उबेंत ठेवण्याची रीत आपणांस ठाऊक आहेच. निथळावयाचें कशासाठीं? बीं श्वास घेतें म्हणून. सांचलेल्या पाण्यांत हवेवांचून कोंब लांबतो, पण मूळ धरत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. ही शिदोरी मोजकी असते. रोपाला तिसरें पान फुटेपर्यंत ती बहुतेक सरते. तोंवर मुळांनीं जमीन धरली पाहिजे आणि पानांनीं उजेडांत अन्न करूं लागलें पाहिजे. बीं फार खोल गाडलें, तर उजेड दिसण्यापूर्वींच कोंब उपाशी मरतो. पोंचट दाण्यांत तर शिदोरीच अपुरी. म्हणून १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें टाकावें. तरंगतें तें काढून टाकावें, बुडालेलें स्वच्छ पाण्यानें दोनतीनदां धुवून सावलींत सुकवावें.

बंधूंनो, कणगींतील तें पीठ आपल्याच चुलीवर शिजलें असतें. वडिलांनीं तें स्वतः खाल्लें नाहीं, अंकुरासाठीं राखलें. आपल्या या गांवासहि त्यांनीं अशीच शिदोरी बांधून दिली. ज्युबिलीच्या दिवशीं तिचें स्मरण करणें उचितच; परंतु ती तिसऱ्या पानापर्यंतचीच आहे. पुढील मुळें आपलीं आपण धरावयाचीं, आणि दाणा भरला म्हणजे पुढल्यांसाठीं कणगी भरून ठेवावयाची, हीच आपणां सर्वांस आमची विनंती.