पुरवणी आधी मागून ठेवा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, ‘तू नक्की काय काम करतोस ते एकदा सगळ्यांना कळेल असं सांग.’ हा प्रश्न मला घरीही अनेकदा विचारला गेलाय. आई शेजारच्या काकूंना सांगते, ‘तो कॉम्प्युटरमध्ये आहे.’ ते अगदी बरोबर आहे. मी कॉम्प्युटरच्या इतका आत आहे की पडद्यावर माझ्या कामातलं काहीच दिसत नाही. तुम्ही फाइल सेव्ह करता, ती डिस्कवर कुठे आणि कशी लिहायची हे ठरवणारा जो भाग ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असतो, त्याला फाइल सिस्टीम म्हणतात. गेली वीस-बावीस वर्षं मी तेवढंच करतोय.

आमच्या १९९४ च्या बॅचला जिन्याशेजारची कॉम्प्युटरची खोली आठवत असेल. चपला बाहेर काढायच्या, एका मशीनवर तिघांनी बसायचं. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नसली की पडद्यावर इंग्रजीत प्रश्न यायचा: ॲबॉर्ट, रिट्राय, फेल? म्हणजे काम सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की जमलं नाही असं सांगू? आम्ही ‘आर’ दाबायचो. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा ‘आर’. शेवटी आमचे कॉम्प्युटरचे सर मागून यायचे आणि म्हणायचे, ‘अरे, आत फ्लॉपीच नाही. किती वेळा विचारलंस तरी ती कुठून येणार?’ माझी पुढची सगळी नोकरी या तीन शब्दांभोवती फिरणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

थोडं समजावून सांगतो. मेमरी म्हणजे काम करायचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट असं धरा. तुम्ही ‘सेव्ह’ म्हणता तेव्हा कागद बहुतेक वेळा लगेच कपाटात जात नाही. तो टेबलावर ‘लावायचे आहेत’ अशा गठ्ठ्यात पडतो. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत तो तीसेक सेकंद तिथे राहू शकतो. कपाट हळू चालतं, म्हणून ही सोय. टेबल भरत आलं की सिस्टीम जागा मोकळी करायला लागते. ज्या कागदाची प्रत कपाटात आहे तो सरळ उचलता येतो. जो अजून लावलेला नाही तो आधी कपाटात ठेवावा लागतो, आणि ते काम फाइल सिस्टीमचं.

आता खरी अडचण बघा. कागद कपाटात लावायलासुद्धा टेबलावर थोडी जागा लागते. कुठल्या कप्प्यात ठेवला याची नोंद करायची असते, नोंदवहीचं पान उघडायचं असतं. म्हणजे मेमरी मोकळी करणाऱ्यालाच मेमरी लागते, आणि तीही नेमकी मेमरी संपत आलेली असताना.

हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला फार अवघड वाटलं नव्हतं. ते कळलं माझ्या स्वतःच्या चुकीमुळे. ती आज सांगायची असं ठरवून आलोय.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. लहान ऑफिसांसाठी फाइली साठवायची एक पेटी आम्ही बनवायचो. आत लिनक्स आणि आमची फाइल सिस्टीम. पेटीत मेमरी होती २५६ एमबी. आमच्या चाचणीच्या मशीनमध्ये होती २ जीबी, म्हणजे आठपट. हे आकडे लक्षात ठेवा.

एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत आमची पेटी बसवली होती. दोन महिने ती सुरळीत चालली. मार्चअखेरच्या रात्री अचानक थांबली. बंद पडली नव्हती. दिवे चालू होते, नेटवर्कवरून हाक मारली तर ‘ओ’ देत होती. पण एकही फाइल उघडेना, एकही मिटेना. लॉग बघायला गेलो तर त्यात काहीच नाही, कारण लॉगही डिस्कवरच लिहायचा असतो. शेवटी तिथल्या माणसांनी वीज बंद करून पुन्हा सुरू केली. पेटी चालू झाली, फाइल सिस्टीम शाबूत होती. पण टेबलावरच्या गठ्ठ्यात होतं ते सगळं गेलं. त्या संध्याकाळच्या बऱ्याचशा नोंदी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका क्लार्क मॅडमशी फोनवर बोललो. त्या चिडल्या नव्हत्या. रात्रभर जागून व्हाउचरं काढून नोंदी पुन्हा भरत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘सर, काल तुमचं मशीन सेव्ह झालं म्हणालं होतं.’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठवड्याभरात आम्ही तोच प्रकार ऑफिसात घडवून आणला. मशीन थिजल्यावर कन्सोलवर काही कळा दाबून प्रत्येक काम कुठे अडकलंय त्याची यादी काढता येते. त्या यादीत एका कामाची साखळी खालून वर वाचत गेलो, तर आमच्या फाइल सिस्टीमचं नाव एकाच साखळीत दोनदा. खाली मागणारी ती, आणि वर देणारीही तीच.

झालं होतं असं. एका फोल्डरवर कुलूप लावून, म्हणजे ‘माझं काम होईपर्यंत कुणी हात लावू नका’ असं सांगून, माझं फंक्शन आत शिरत होतं. आत गेल्यावर त्याला फाइलचं नाव लिहून घ्यायला २५६ बाइट हवे होते. या भाषणातली दोन-तीन वाक्यंही त्यात मावणार नाहीत, एवढीच जागा. ती मी नेहमीच्या पद्धतीने मागितली. मेमरी संपलेली, म्हणून कर्नल जागा करायला निघाला. त्याने फाइल सिस्टीमला सांगितलं, ‘तुझं काही सामान आवर.’ सामान आवरायला फाइल सिस्टीमला तेच कुलूप हवं होतं. ते कुलूप माझ्याकडे आणि मी जागेची वाट बघतोय. स्वतःच्याच दाराबाहेर, किल्ली आत ठेवून. ती ओळ माझी होती. चाचणीत ती कधी सापडली नाही, कारण चाचणीच्या मशीनवर मेमरी कधी संपलीच नाही.

लिनक्सच्या कर्नलमध्ये मेमरी मागताना सोबत एक खूण द्यावी लागते. अडचण आली तर काय चालेल, ते ती खूण सांगते. जीएफपी कर्नल ही नेहमीची खूण: मी थांबेन, जागा करायला हवं ते करा, फाइल सिस्टीमला कामाला लावलंत तरी चालेल. जीएफपी नोएफएस: मी थांबेन, पण जागेसाठी फाइल सिस्टीमला हाक मारू नका, कारण ती मीच आहे. जीएफपी ॲटॉमिक: मला थांबताच येत नाही, असेल तर आत्ता द्या. आणि नोफेल: काहीही करा, पण नाही म्हणू नका. मी पहिली दिली होती, हवी होती दुसरी.

तुम्ही म्हणाल, मग सगळीकडे दुसरीच देऊन मोकळं व्हावं. भीतीपोटी अनेकांनी तसंच केलं. पण पुष्कळदा सगळ्यात सहज आवरता येणारं सामान फाइल सिस्टीमचंच असतं. त्याला हात लावायचा नाही म्हटलं तर टंचाई आणखी लवकर येते. म्हणून २०१७ साली, लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीत, मिखाल होत्सको या कर्नल डेव्हलपरच्या कामातून एक चांगली सोय आली. प्रत्येक मागणीला खूण लावण्याऐवजी कुलूप लावलेल्या हद्दीच्या सुरुवातीला एक पाटी लावायची आणि बाहेर पडताना काढायची. त्या हद्दीत कुणीही, कितीही खोल जाऊन मेमरी मागितली तरी पाटी लागू.

निवड फक्त खुणेची नसते. सलग जागा हवी की विखुरलेली चालेल, हेही ठरवावं लागतं. वाशीहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हे सांगायला नको. आठ जणांना एका ओळीत बसायचं असेल तर गाडी निम्मी रिकामी असूनही जमत नाही. सुटं सुटं बसायची तयारी असेल तर जमतं, फक्त कोण कुठे आहे ते लक्षात ठेवायला लागतं. मेमरी बराच काळ वापरात असली की तिचे असेच तुकडे होतात. म्हणून त्याच ४.१२ आवृत्तीत एक मधला मार्गही आला: आधी सलग मागायची, नाही मिळाली तर विखुरलेली घ्यायची.

माझी चूक नवशिक्याची होती, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग २०१४ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या जाणकारांमध्ये एक जाहीर चर्चा झाली. लहान मागणी, म्हणजे साधारण ३२ केबीपर्यंतची, कर्नल जवळपास कधीच नाकारत नाही, उलट आतल्या आत प्रयत्न करत राहतो, हे त्यातून पुढे आलं. एक्सएफएस या नामवंत फाइल सिस्टीमच्या प्रमुख डेव्हलपरपैकी एक, डेव्ह चिनर, यांनाही ते अनपेक्षित होतं. निमित्त होतं जपानच्या तेत्सुओ हांदा यांनी दाखवलेल्या एका प्रसंगाचं. मेमरी संपल्यावर कर्नल एखादा प्रोग्रॅम बळी देऊन जागा करतो. इथे ज्याला बळी द्यायचं ठरलं, तो एका कुलपासाठी थांबलेला. ते कुलूप ज्याच्याकडे, तो मेमरीसाठी थांबलेला. आणि मेमरी त्या बळीकडून मिळायची होती. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती पतसंस्था आली.

मग सरळ ‘नाही’ म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी की ‘नाही’ ऐकल्यावर काय करायचं, तो भाग प्रत्येकाने लिहिलेला असतो, पण तो कधी चालूनच बघितलेला नसतो. कधी नकार मिळालाच नाही, तर नकार पचवायची सवय कुठून लागणार? म्हणून २००७ पासून कर्नलमध्ये मुद्दाम नकार द्यायची सोय आहे. मेमरी भरपूर असतानाही अधूनमधून ‘नाही’ म्हणायचं आणि प्रोग्रॅम सावरतो का बघायचं. माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात, त्यांना पहिल्या आठवड्यात मी हे करायला लावतो. चाचणीचं मशीनही गिऱ्हाइकाकडच्या सगळ्यात लहान पेटीएवढंच ठेवतो.

राखीव साठा ठेवणं हा आणखी एक उपाय. त्यासाठी मला आपल्याच गावाचं उदाहरण आठवतं. वाशी, नेरूळ, बेलापूर हा सखल भाग. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी चढतं तेव्हा पावसाचं पाणी बाहेर टाकता येत नाही. म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड बांधले. भरतीला दारं बंद, पाणी तळ्यात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. कर्नलमध्येही डिस्कवर लिहिण्याच्या वाटेवर असे छोटे साठे बाजूला ठेवलेले असतात, मेमरी संपली तरी निदान एक तरी कागद कपाटात जाईल एवढे. पण आपल्या तळ्यांचं काय झालं तेही आपण बघतोय. गाळ साचला, खारफुटी वाढली, खारफुटीला संरक्षण असल्यामुळे गाळ काढणंही सोपं राहिलं नाही. कागदावर तळं आहे, पण पाणी मावतं किती, ते भरतीच्या दिवशी कळतं.

शेवटी माझी ती ओळ मी कशी दुरुस्त केली ते सांगतो. खूण बदलली असती तरी चाललं असतं. पण मी ती ओळ फक्त वर नेली. कुलूप लावण्याआधी २५६ बाइट मागून घ्यायचे. नाही मिळाले तर तिथूनच ‘जमलं नाही’ सांगून परत फिरायचं. अजून कुलूप लावलेलं नाही, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

हे कुठल्या पुस्तकातून सुचलं नाही. दहावीच्या सराव परीक्षेत आपल्या मराठीच्या बाई वर्गात फिरत सांगायच्या, ‘शेवटचं पान भरेपर्यंत थांबू नका. पान अर्धं झालं की हात वर करा, पुरवणी आधी मागून ठेवा. वाक्याच्या मध्ये कागद संपला तर विचारही तुटतो.’ बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमची ती सूचना कितीतरी मशीनमध्ये आजही चालू आहे.

आणि एक विनंती. माजी विद्यार्थी निधीची पेटी आज दाराशी ठेवली आहे. एखाद्या मुलाची फी अडली की आपण ग्रुपवर निरोप टाकतो, आणि पैसे जमतातही. पण तोवर त्या मुलाला कुणापुढे तरी हात पसरावा लागलेला असतो. ही रक्कम आधीच बाजूला असू दे, आणि वर्षातून एकदा ती खरंच किती आहे ते मोजूया.

त्या क्लार्क मॅडमचं वाक्य मी टेबलासमोर लिहून ठेवलंय. ‘सेव्ह झालं’ असं म्हणायचं, तर ते झालेलं असलं पाहिजे.